सूज उतरली, खाते मिटले नाही



आमचे एक स्नेही कापडाचे घाऊक व्यापारी आहेत. गेल्या वर्षी एका सकाळी खतावणी पाहताना त्यांना आखलेल्या रेषा वाकड्या दिसू लागल्या. तपासणीअंती कळले की, डाव्या डोळ्याच्या रेटिनातील एक शीर तुंबली असून मॅक्युलावर, म्हणजे वाचनासाठी लागणाऱ्या सूक्ष्म दृष्टीच्या केंद्रावर, सूज आली आहे. तीन महिने दरमहा डोळ्यात इंजेक्शन घेतल्यावर अक्षरे स्पष्ट झाली. पुढे दिवाळीच्या घाईत त्यांनी तपासणी टाळली. ‘दिसते आहे, मग कशाला जायचे?’ हा त्यांचा प्रश्न आपल्यापैकी अनेकांचा असेल.

त्याचे उत्तर आजाराच्या स्वरूपातच आहे. रेटिनात धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडतात, तेथे दोघींना एकच वेष्टण असते. वयामुळे किंवा उच्च रक्तदाबामुळे धमनी कठीण झाली की शिरेवर दाब पडतो, प्रवाह मंदावतो आणि गुठळी होऊ शकते. रक्तपुरवठा तुटलेल्या भागात ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन वाढते. त्यामुळे केशवाहिन्या झिरपू लागतात व मॅक्युलात द्रव साचतो. इंजेक्शन या प्रथिनाला रोखते. तुंबलेली शीर मोकळी करीत नाही. काही आठवड्यांनी औषधाचा प्रभाव ओसरला आणि मूळ कारण शिल्लक असले, तर सूज परत येते. याचा अर्थ आधीचे उपचार वाया गेले, असा नव्हे.

ही परतणारी सूज पुष्कळदा नजरेआधी ‘ओसीटी’ या तपासणीत दिसते. 1991 साली अमेरिकेतील संशोधकांनी जगापुढे मांडलेल्या या तंत्रात अवरक्त प्रकाश रेटिनावर सोडतात आणि परतलेल्या प्रकाशावरून तिच्या थरांचे उभ्या छेदासारखे चित्र तयार होते. यंत्र डोळ्याला स्पर्शही करीत नाही. जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजली जाते. द्रव साचलेल्या जागा चित्रात काळ्या पोकळ्यांसारख्या दिसतात.

दोन महिन्यांनी रेषा पुन्हा वाकड्या झाल्या, तेव्हा आमचे स्नेही धावले. डॉक्टरांनी तिन्ही वेळची चित्रे शेजारी शेजारी मांडली : आरंभीची सूज, उपचारानंतरची सपाट रेटिना आणि पुन्हा उभे राहिलेले फुगवटे. इंजेक्शने पुन्हा सुरू झाली, सूजही उतरली; मात्र अक्षरे पूर्वीइतकी स्पष्ट झाली नाहीत. सूज दीर्घकाळ राहिली तर प्रकाश टिपणाऱ्या पेशींची हानी होते आणि ती नेहमीच भरून येते असे नाही.

बँकेत आम्ही एका दिवसाच्या शिलकेवरून खात्याची पारख करीत नसू. संपूर्ण उतारा पाहत असू. ओसीटीचेही तसेच आहे. प्रत्येक अहवाल जपून ठेवावा. शक्यतो त्याच यंत्रावर तपासणी करावी, कारण निरनिराळ्या यंत्रांची मापे तंतोतंत जुळत नाहीत. मॅक्युला कोरडी राहिली तर डॉक्टर दोन इंजेक्शनांमधील अंतर हळूहळू वाढवितात. द्रव दिसला तर ते कमी करतात. हा निर्णय चित्रांच्या आधारे त्यांनी घ्यावयाचा, आपण दुकानाच्या गर्दीवरून नव्हे.

रक्तदाब, मधुमेह व कोलेस्टेरॉल यांच्याकडेही लक्ष हवे. पर्युषणात उपवास करणाऱ्या ज्येष्ठांनी रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्याव्यात. आणि घरच्यांनी पुढील तपासणीची तारीख स्वतःच्या वहीत लिहून ठेवावी, कारण दिसू लागलेला माणूस ती विसरतो.