बोर्ड फेकण्याआधी

विंडसर्फिंगचा बोर्ड मोडून बाद झालेला मी क्वचितच पाहिला आहे. बहुतेक वेळा तो नुसता गुळगुळीत होतो आणि मालक त्याला बाद ठरवतो. मी राहतो त्या भागात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावरच्या फोस्टर सिटी–सॅन मटेओ पट्ट्यात, वाऱ्याचा हंगाम सुरू व्हायच्या सुमारास असे बोर्ड गॅरेजबाहेर उभे केलेले दिसतात. 'फुकट, घेऊन जा' अशी चिठ्ठी वर चिकटवलेली. आत थर्माकोलचा गाभा शाबूत, कडा शाबूत, फिन शाबूत. गेलेला असतो फक्त वरचा खरखरीत थर, तोही पाय जिथे टेकतात त्या दोन-तीन वीतभर जागांवरचा.

हा खेळ न पाहिलेल्या, विशेषतः भारतातल्या वाचकांसाठी दोन शब्द. फळीवर उभं राहायचं आणि शीड हातात धरायचं. शिडाची काठी फळीला अशा सांध्याने जोडलेली असते की ती चारी बाजूंना झुकते. या कल्पनेच्या पेटंटसाठी 1968 साली अर्ज केला तो इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर या दोघांनी. ड्रेक विमानांचा इंजिनिअर आणि श्वाइट्झर संगणकाच्या धंद्यातला. (आमच्या जमातीतल्या माणसाने खुर्चीतून उठून काहीतरी केल्याचा पुरावा म्हणून मी हे नाव घरी वरचेवर सांगतो.) बोर्डाला सुकाणू नाही. वळायचं तर शीड पुढे-मागे झुकवायचं आणि पायाने फळी दाबायची. कमरेच्या हुकामुळे शिडाची ओढ अंगावर घेता येते, पण सगळा ताबा दोन तळव्यांचा आणि दोन तळहातांचा. म्हणजे पकड गेली की खेळच गेला.

आणि ती गेल्याचं लगेच कळत नाही, हा खरा धोका. कापडाचा रंग उडावा तशी ती हळूहळू उडते. माणूस नकळत जपून उभा राहतो, बोटं आवळून धरतो, आणि हात दुखायला लागले की वयाला दोष देतो. मग एका दुपारी वाऱ्याचा मोठा झोत येतो. मागचा पाय सटकतो, पुढचा पट्ट्यात अडकलेला असतो आणि शीड माणसाला घेऊन पुढे आपटतं. माझ्या ओळखीतल्या एकाने मुरगळलेल्या घोट्यापायी अर्धा हंगाम किनाऱ्यावर बसून काढला. त्याच्या बोर्डाला कुठे साधा ओरखडाही नव्हता.

आता मुद्द्यावर येतो. आम्ही परदेशातले मराठी लोक अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर सरळ नवीन घेतो. नवा बोर्ड दोन हजार डॉलरच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो. पण एवढा पगार असून जुनं घासत बसलाय, असं कुणी म्हणू नये ही भीती त्याहून मोठी असते. ही भीती आम्ही सामानात भरून इथे आणलेली आहे, अमेरिकेने दिलेली नाही. शेजारचा निवृत्त अमेरिकन म्हातारा दिवसभर गॅरेजमध्ये बोट घासत बसतो, त्याला कुणी कंजूष म्हणत नाही. त्याला 'हॉबी' आहे म्हणतात. तेच आपण केलं की आपल्याच माणसांना ती चिकटपणाची लक्षणं वाटतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जुगाड. या शब्दाचा आपल्याला उगाचच फार अभिमान आहे. बोर्ड सटकतोय? जिन्याच्या पायऱ्यांना लावतात ती सँडपेपरची पट्टी चिकटव. बूमची, म्हणजे शीड धरायच्या आडव्या दांडीची पकड गेली? सायकलची जुनी ट्यूब गुंडाळ. पार्टीत सांगायला हे मस्त. पण ती पट्टी तळव्याची सालं काढते, वेटसूटचे गुडघे फाडते आणि महिनाभरात कोपऱ्यातून सुटून सोलटून येते. ट्यूबमुळे दांडी जाड होते. जाड दांडी धरायला जास्त जोर लागतो, तासाभरात मनगटापासून कोपरापर्यंत हात भरून येतो. ज्या दुखण्यासाठी ट्यूब गुंडाळली ते दुखणंच त्याने वाढवलं.

मला हे जुगाड आणि दुरुस्ती यांची गल्लत केलेली आवडत नाही. आपल्याकडचा पंक्चरवाला जुगाड करत नाही. तो ट्यूब कानशीने घासतो, कारण गुळगुळीत रबरावर काही चिकटत नाही. सोल्युशन लावून तो पॅच लगेच दाबत नाही, थोडं सुकू देतो, कारण ओल्यावर दाबलं तर आतला द्राव आतच राहतो आणि जोड धरत नाही. शाळेत असताना सायकल घेऊन त्याच्यासमोर उभं राहून आपण घाई करायचो, आणि तो ढिम्म हलायचा नाही. वस्तू मुळात कशी बनली आहे, ती कशामुळे झिजली आणि काय कशाला चिकटतं, हे त्याला ठाऊक असतं. बोर्डाची पकड परत आणायला अगदी हेच ज्ञान लागतं. त्यापलीकडे फारसं काही लागत नाही, म्हणूनच तर हे लिहायला घेतलं.

मुळात बोर्डावरचा खरखरीतपणा म्हणजे रंगाच्या किंवा रेझिनच्या थरात रुतलेले बारीक कण. ते झिजले की पुन्हा बसवायचे. आधी बोर्ड साबणाने आणि गोड्या पाण्याने धुवायचा. सनस्क्रीनचा तेलकटपणा राहिला तर पुढचं सगळं फुकट, म्हणून नंतर रबिंग अल्कोहोलने पुसायचा. कुणी सर्फिंगवाल्याच्या सल्ल्याने मेण चोळलं असेल तर ते संपूर्ण काढायचं. मग झिजलेल्या जागेभोवती मास्किंग टेप लावायची. पट्ट्यांच्या स्क्रूची भोकं आणि हवेचा छोटा स्क्रू झाकायला विसरायचं नाही. 120 नंबरच्या काचपेपरने हाताने, हलकेच घासायचं. चकाकी गेली की थांबायचं. खाली काचेच्या धाग्यांची वीण दिसायला लागली तर आपण जरुरीपेक्षा जास्त खोल गेलो. तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. ही धूळ आणि हे रेझिन दोन्ही त्रासदायक असतात.

नंतर इपॉक्सी रेझिनचा पातळ थर. इपॉक्सीच. बोटींच्या दुकानात पॉलिएस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. बोर्डाला कुठे बारीक चीर असली तर ते आत झिरपून गाभा खाईल. लहानपणी गणपतीच्या थर्माकोलच्या मखरावर ज्यांनी स्प्रे पेंट मारला असेल, त्यांना थर्माकोल कसा वितळून बसतो ते वेगळं सांगायला नको. रेझिन आणि हार्डनर डब्यावर दिलेल्या प्रमाणातच, मोजून घ्यायचं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, मिश्रण अर्धवट मऊच राहतं. आणि एका वेळी थोडंच कालवायचं. मोठा कप भरून कालवलं तर रासायनिक क्रियेने तो हातात धरवणार नाही इतका तापतो.

आता या ओल्या थरावर भुरभुरायची साखर. होय, साखर! इथले बरेच जण हेच करतात. चहाच्या गाळणीने एकसारखी, जरा सढळ हाताने टाकायची, वाळू द्यायची आणि मग कोमट पाण्याने धुवायची. साखर विरघळून जाते आणि तिच्या दाण्यांचे खळगे तेवढे मागे राहतात. वाळू टाकली तर ती तशीच राहते आणि कातडी सोलते. साखर मात्र अमेरिकन दुकानातली घ्यावी. देसी दुकानात मिळणारी आपली साखर जाड दाण्याची असते, पायाला टोचते. ती चहालाच बरी. धुतल्यावर बोट फिरवून पाहायचं, टोकं बोचत असतील तर काचपेपर एकदाच हलका फिरवायचा. शेवटी वरून दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाचा पातळ हात द्यायचा, कारण इपॉक्सी नुसतं उन्हात ठेवलं तर पिवळं पडतं आणि हळूहळू खराब होतं. रंग जाड लावला तर आपणच केलेले खळगे बुजतात.

बूमचं काम यापेक्षा सोपं आहे, पण कंटाळवाणं. जुना फोम कापून सोलायचा आणि खालचा गोंद पूर्ण काढायचा. सगळा वेळ यातच जातो. नवा फोम मूळच्या जाडीचाच घ्यायचा. दोन्ही बाजूंना गोंद लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबत-दाबत गुंडाळायचं. पंक्चरवाल्याची तीच रीत. जोड तळहाताखाली येऊ द्यायचा नाही.

सामान शंभर डॉलरच्या आत येतं. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2024 पासून दुरुस्तीच्या हक्काचा कायदा लागू आहे. शंभर डॉलर किंवा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सुटे भाग आणि माहिती त्यांचं उत्पादन थांबल्यावरही सात वर्षं पुरवायची, असं तो कंपन्यांना सांगतो. कायदा चांगलाच आहे. आमच्या क्षेत्रातल्या कंपन्यांनी वस्तूंना कुलपं लावली नसती तर त्याची गरज पडली नसती. पण बोर्डाला कसलं कुलूप? तिथे आपल्याला कुणीही अडवलेलं नाही.

अर्थात प्रत्येक बोर्ड वाचवावा असं मी म्हणत नाही. उभं राहायच्या जागी अंगठ्याने दाबून पाहा. पृष्ठभाग आत जाऊन परत वर येत असेल, तर वरचा थर गाभ्यापासून सुटला आहे. बोर्ड उचलल्यावर नेहमीपेक्षा जड लागत असेल, तर आत पाणी शिरलं आहे. पट्ट्यांचे स्क्रू जिथे बसतात त्या जागा हलत असतील, तर तो जाणकाराकडे न्या किंवा खरंच सोडून द्या. त्यावर साखर भुरभुरून रंग देणं आणि तो दुसऱ्याला विकणं, हा जुगाडातला सर्वांत वाईट प्रकार. खाली आलेला माणूस पाण्यात पडणार आहे, आणि इथलं पाणी उन्हाळ्यातही वेटसूटशिवाय उतरावं असं नसतं.

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडे एप्रिलपासून दुपारचा वारा सुरू होतो. आतल्या खोऱ्यातली जमीन तापली की समुद्राकडची गार हवा खेचली जाते, आणि ते ऑगस्टपर्यंत चालतं. थंडीत गॅरेज गार असतं, इपॉक्सी नीट पकडत नाही. म्हणून मार्चमधला एखादा उबदार शनिवार-रविवार बघायचा. शनिवारी घासणं आणि रेझिन, रविवारी धुणं आणि रंग. मग आठवडाभर बोर्डाला हात लावायचा नाही, कुणी कितीही चांगल्या वाऱ्याचा मेसेज पाठवला तरी.