कोटेशनवर तारीख टाका, नाहीतर नफा भंगारात



फॅब्रिकेशन टाकू म्हणणारे बीड, केज, माजलगावकडचे बरेच जण विचारतात, "सर, मशीन कोणतं घेऊ?" लोखंडाचा भाव कधी आणि किती हलतो, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते धंदा तिथंच बुडतो.

ऊसहंगामाची ट्रॉली घ्या. ऑर्डर आषाढात, डिलिव्हरी दसऱ्याला. समजा ट्रॉली ३ लाखांची. माल २ लाख २० हजारांचा, मजुरी-वीज ५० हजार, नफा ३० हजार. मधल्या तीन महिन्यांत माल १० टक्के चढला की २२ हजार गेले. उरले ८ हजार, तेही गिऱ्हाइकानं वेळेवर दिले तर!

"मग माल आधीच भरून ठेवू," असं कुणी म्हणेल. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. २०२२ आठवा. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि मार्चमध्ये तांब्याची जागतिक सरासरी टनाला १०,२०० डॉलरच्या आसपास गेली. जुलैत तीच ७,५०० वर. ॲल्युमिनियम ३,५०० वरून २,४०० वर. ८ मार्चला तर निकेल १ लाख डॉलरच्या वर गेलं आणि लंडनच्या बाजाराला त्याचे सौदेच थांबवावे लागले. मार्चमध्ये घाबरून वाइंडिंगची तार भरणाऱ्या मोटार रिवाइंडिंगवाल्याचं काय झालं असेल, तुम्हीच हिशोब करा.

लोखंडाचं गणित आणखी वेगळं. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रानं बऱ्याच स्टीलवर १५ टक्के निर्यात शुल्क लावलं, देशात भाव उतरले. नोव्हेंबरमध्ये शुल्क काढलं. दिल्लीत एक कागद निघतो आणि आपल्या शेजारच्या जालन्यात सळईचा भाव हलतो. (रुपया घसरला की बाहेरून येणारा माल महाग, ते वेगळंच.)

म्हणून कोटेशनवर "हा दर ७ दिवसांसाठी" असं स्पष्ट लिहा. माल आणि मजुरी वेगवेगळी दाखवा. मालाइतका ॲडव्हान्स घ्या आणि त्याच दिवशी माल उचला. गावात ओळखीच्या माणसाला ॲडव्हान्स मागायला लाज वाटते, मला माहितीये. पण, "दादा, लोखंड माझं नाही, बाजाराचं आहे. माझी फक्त मजुरी," असं सांगून बघा. बहुतेक जण ऐकतात. जो ऐकत नाही, त्याची ऑर्डर शेजारच्या वर्कशॉपला जाऊ द्या.

आणि दर महिन्याच्या एक तारखेला अँगल, पत्रा, तांब्याची तार यांचे भाव एका वहीत लिहायला लागा. पुढच्या आषाढात ट्रॉलीचं कोटेशन देताना ती वही समोर ठेवा.