पुसण्याचे फडके

बंगळूर शहराच्या आग्नेयेला कोरमंगलकडून सर्जापूर गावाकडे जो रस्ता जातो, त्याला सर्जापूर रोड म्हणतात. हे सर्जापूर एके काळी विणकरांचे गाव होते. तेथे सुती कापड तयार होत असे, अशी नोंद म्हैसूर संस्थानाच्या जुन्या गॅझेटियरमध्ये आढळते. आज या रस्त्याच्या दुतर्फा माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आणि उंच गृहसंकुले उभी आहेत. त्या संकुलांत कामानिमित्त आलेली अनेक मराठी कुटुंबेही राहतात. ही कुटुंबे घर पुसण्याचे फडकेसुद्धा दुकानातून, प्लॅस्टिकच्या वेष्टनातून आणतात. विणकरांच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावर पुसण्याचे कापड विकत घ्यावे लागावे, ही गोष्ट क्षुल्लक वाटली तरी विचार करण्याजोगी आहे.

मराठी घरात पूर्वी हा प्रश्नच नव्हता. धोतर जीर्ण झाले की त्याचा पंचा होई, पंचा विरला की फडके आणि फडके फाटले की पोतेरे. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली जाई. उरलेले कपडे बोहारणीला देऊन तिच्याकडून भांडे घेतले जाई. कापडाच्या प्रत्येक अवस्थेला भाषेत वेगळे नाव होते, कारण घरात तिला वेगळे काम होते. पुढे टेरिलीन, पॉलिस्टर आणि नायलॉन घराघरांत आले. हे कपडे वर्षानुवर्षे फाटत नाहीत आणि फाटले तरी पाणी शोषत नाहीत. अशा साडीच्या तुकड्याने ओटा पुसला तर पाणी टिपले जात नाही, ते केवळ इकडून तिकडे सरकते. घरात जुने कपडे ढीगभर असूनही पुसायला एक चांगले फडके मिळू नये, याचे कारण हेच.

कापूस पाणी शोषतो, कारण त्याच्या तंतूचा मूळ घटक सेल्युलोज आहे आणि सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. मात्र नव्या कोऱ्या सुती कापडावर खळ असते. मांजरपाटाचा नवा तुकडा पहिल्या दिवशी पाणी नीट घेत नाही. दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुतल्यावर तो कामाचा होतो. म्हणूनच जुने, अनेकदा धुतलेले सूत पुसण्यासाठी उत्तम. कापड सुती आहे की नाही, हे ओळखणे अवघड नाही. त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा. जुन्या सुतात तो लगेच पसरतो, पॉलिस्टरवर बहुधा मण्यासारखा थांबतो. शंका उरलीच तर एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुताची मऊ राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. पॉलिस्टर वितळून त्याची कठीण गुठळी बनते.

आता बाजारात सर्वत्र दिसणाऱ्या मायक्रोफायबरच्या फडक्यांविषयी. नऊ हजार मीटर लांबीच्या धाग्याचे वजन एक ग्रॅम भरले, तर तो धागा एक डेनिअरचा मानतात. मायक्रोफायबरचा तंतू त्याहूनही बारीक असतो. ही फडकी बहुतेक पॉलिस्टर आणि पॉलिअमाइड यांच्या मिश्रणाची असतात. चांगल्या प्रतीच्या फडक्यात हे तंतू उभे चिरलेले असतात आणि त्या चिरांत धूळ व तेलकटपणा अडकतो. त्यामुळे आरसा, चष्मा, संगणकाचा पडदा हे सर्व साबणाविना, किंचित ओलसर फडक्याने स्वच्छ होते. ही सोय खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. परंतु हे कापड उकळत्या पाण्यात टाकले किंवा त्यावर कडक इस्त्री फिरवली तर खराब होते. कपडे मऊ करणाऱ्या द्रवाने त्याच्या चिरा बुजतात आणि सुती कापडांबरोबर धुतल्यास त्यांचे पीस त्याला चिकटते. ओटा, गरम भांडे, सांडलेले दूध ही त्याची कामे नव्हेत.

शिवाय ते कापड म्हणजे प्लॅस्टिकच आहे. मार्क ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, कृत्रिम धाग्याच्या एकाच वस्त्रातून एका धुण्यात १९०० हून अधिक तंतू सुटू शकतात, असे आढळले होते. हे सांडपाणी शेवटी कोठे जाते, याचे उत्तर सर्जापूर रोडच्या रहिवाशांना दूर शोधावे लागत नाही. रस्त्याच्या जवळच बेळ्ळंदूर तलाव आहे. २०१५ साली याच तलावावरचा पांढरा फेस वाऱ्याने रस्त्यावर येत असे आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये तेथे आग लागल्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. त्या फेसाला फडकी कारण झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. शहराचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी आणि त्यातील साबणचुरे ही त्याची मोठी कारणे होती. पण घरातून धुऊन टाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, एवढे त्या तलावाने दाखवून दिले.

पुन्हा वापरायचे फडके म्हणजे पुन्हा धुवायचे फडके, आणि धुवायला पाणी लागते. २०२४ च्या उन्हाळ्यात बंगळुरात पाण्याची तीव्र टंचाई झाली. पिण्याचे पाणी गाड्या धुण्यासाठी वापरल्यास पाच हजार रुपये दंड ठरवण्यात आला. सर्जापूर रोडवरील अनेक संकुले त्या काळात टँकरवर अवलंबून होती. अशा ठिकाणी जाड, लुसलुशीत टॉवेलसारखे फडके घेणे हा शहाणपणा नव्हे. ते अधिक पाणी पिते, पिळताना मनगट दुखवते आणि पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाही. कित्येक संकुलांत सज्जाच्या कठड्यावर कपडे वाळत घालण्यास मनाई असते, मग ओले फडके नळाच्या तोटीवरच लोंबकळत राहते. तेथे पातळ पंचाच बरा.

वाळण्याचा हा मुद्दा केवळ नीटनेटकेपणाचा नाही. मॉरिशस विद्यापीठातील संशोधकांनी महिनाभर वापरलेली स्वयंपाकघरातील शंभर फडकी तपासली. त्यांपैकी ४९ टक्के फडक्यांवर जिवाणूंची वाढ झालेली होती. हे निष्कर्ष २०१८ साली जाहीर झाले. ओल्या राहणाऱ्या आणि अनेक कामांना एकच म्हणून वापरल्या जाणाऱ्या फडक्यांत हा दोष अधिक होता. हात, ओटा आणि ताटे एकाच कापडाने पुसण्याची सवय आपल्याकडेही आहे. ती सोडलेली बरी. किमती रंगीत संचाची त्यासाठी गरज नाही. कोपऱ्यात लाल दोऱ्याचा एक टाका घातला तरी न्हाणीघराचे फडके ओळखू येते.

मात्र निवडीचा हा सारा विचार करताना एक व्यक्ती बहुधा विसरली जाते. फडके मालकीण विकत घेते आणि ते पिळते दुसरीच. मराठी घरात जिला ‘मावशी’ म्हणतात, तिला येथे ‘अक्का’ अशी हाक मारतात. दिवसाकाठी चार-पाच घरांच्या फरश्या पुसणाऱ्या अक्काला कोणते कापड हातात बसते, कोणते पिळायला जड जाते, कोणत्या द्रवाने बोटांना भेगा पडतात, हे कोणत्याही वेष्टनावरील मजकुरापेक्षा चांगले ठाऊक असते. तिला ते विचारले जात नाही. कर्नाटकाने २००४ साली घरकामगारांसाठी किमान वेतन जाहीर केले, हे भूषणावह आहे. पण हातातल्या साधनाबद्दल तिचे मत घेण्यास कोणत्याही अधिसूचनेची गरज नाही. हातमोजे आणून द्यावेत, फरशीसाठी मोठे चौकोनी पोतेरे न देता तिच्या हाताला पेलेल एवढा तुकडा द्यावा आणि तो रोज बदलता यावा म्हणून एकाऐवजी तीन ठेवावेत. जुनी सुती चादर फाडली तर अशी आठ-दहा फडकी सहज निघतात. कडा दुमडून टीप मारली की धागेही सुटत नाहीत. चादर फाडण्यापूर्वी मापाचा तुकडा मात्र अक्काकडूनच ठरवून घ्यावा.