गदा दोन, शिक्का कुणाचा?

नोव्हेंबर 2023 मध्ये दहा-बारा दिवसांत महाराष्ट्राला दोन महाराष्ट्र केसरी मिळाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला चितपट केलं. मग धाराशिवला तोच राक्षे केसरी झाला. 2025 मध्ये पुन्हा तेच. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चअखेरीस कर्जतला वेताळ शेळके. कुस्तीगीर परिषद फुटली, दोन्ही गट स्वतःला खरे म्हणवतात, म्हणून गदाही दोन.

यावर मीम्स खूप झाले. पण बीडमधल्या तालमीतल्या पोरासाठी हा विनोद नाही.

पाटोद्याच्या राहुल आवारेने 2018 मध्ये राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं आणि कुस्तीच्या जोरावर तो पोलीस उपअधीक्षक झाला. ऊसतोडीला जाणारा बाप पोराच्या खुराकावर पैसा घालतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ती वर्दी असते. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची लागते, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. म्हणजे पोरगं कसं लढलं यापेक्षा कागदावर कुणाचा शिक्का आहे, हे आधी बघितलं जातं. तो शिक्काच भांडणात असेल तर?

वरतीही तीच गत. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने 24 डिसेंबर 2023 ला भारतीय कुस्ती महासंघ निलंबित केला. ते निलंबन 10 मार्च 2025 ला उठलं. तोवर मल्लांनी काय करायचं होतं? वय थांबवायचं?

‘कोर्टात जा,’ असं सांगणारे भेटतात. वकिलाची फी कोण देणार? आणि निकाल लागेपर्यंत भरती संपते, वयोमर्यादाही. 2025 च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. चांगलंच आहे. पण त्याच्या निकालावर अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. गेवराईच्या पोराने तिथवर जायचं कसं?

दुसरा आक्षेप बोगस प्रमाणपत्रांचा. तो खरा आहे. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची खोटी प्रमाणपत्रं दाखवून लोकांनी नोकऱ्या लाटल्या. त्यांना आणि ते कागद विकणाऱ्यांना तुरुंगातच टाका. पण ज्याची कुस्ती हजारो लोकांसमोर झाली, ज्याचा व्हिडिओ यूट्यूबवर पडून आहे, त्याच्यावर त्याच संशयाने बघायचं?

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून ठामपणे सांगतो, हे काम अवघड नाही. कुठली स्पर्धा नोकरीसाठी ग्राह्य आहे, हे क्रीडा खात्याने नावनोंदणी सुरू होण्याआधी जाहीर करावं. वजनाची नोंद, जोड्या आणि निकाल त्याच दिवशी खात्याच्या वेबसाइटवर टाकावेत. आणि एकदा ग्राह्य ठरलेली स्पर्धा पुढे संघटनेत कितीही भांडणं झाली तरी ग्राह्यच राहावी. एक साधा डेटाबेस आणि एक शासन निर्णय, एवढंच लागतं. तरी होत नाही, कारण शिक्का हातात असला की पोरं आणि त्यांचे बाप दारात येतात. ही ताकद कुणाला सोडवत नाही.

पदाधिकाऱ्यांनी आपला वाद खुशाल वर्षानुवर्षं लढावा. पण त्याची फी आमच्या पोरांच्या वयातून वसूल करू नका.