रुतलेलें चाक

कर्णपर्वांतील एका प्रसंगाकडे मी आयुष्यभर दुर्लक्ष केलें. भूमीनें गिळलेलें रथाचें चाक कर्णानें इतक्या बळानें उपटलें कीं, पर्वतांसह पृथ्वी चार अंगुळें वर आली. चाक मात्र सुटलें नाहीं. ही अतिशयोक्ति, एवढें विद्यार्थ्यांस सांगून मी पुढें जात असें. तिच्यांत यंत्रशास्त्राचा एक धडा आहे, हें मला गेल्या वर्षीं अमेरिकेंतील एका पुळणीवर कळलें.

माझे चिरंजीव उत्तर कॅरोलायना संस्थानांत नोकरीस असतात. त्या संस्थानाच्या पूर्वेस केप हॅटरस येथें समुद्र आणि खाडी यांच्यामध्यें वाळूचीं अरुंद बेटें पसरलीं आहेत. तेथील किनारा राष्ट्रीय उद्यानखात्याच्या ताब्यांत असून परवाना काढून नेमलेल्या भागांत मोटार नेतां येते. वेग ताशीं 15 मैलांहून अधिक नको. फावडें, जॅक, जॅकखालीं घालावयाची फळी आणि टायरांतील कमी दाब मोजणारें यंत्र जवळ हवें, असा दंडक आहे.

चिरंजीवांची गाडी विजेवर चालणारी पिकअप. पुढें पांच माणसांची जागा, मागें उघडा हौदा, चार चाकांना चार मोटारी. वजन सुमारें 7000 पौंड, म्हणजे जवळजवळ 3200 किलो. त्यांतील बराच भाग तळाशीं बसविलेल्या बॅटरीचा. टायरांतील हवा कमी करण्याविषयीं किनाऱ्यावर फलक होता. तो वाचून चिरंजीव म्हणाले, “नाना, इतक्या शक्तीच्या गाडीला त्याची जरूर नाहीं.” मलाहि तें पटलें.

दोनशें पावलें ठीक गेलों. मग कोरडी, भुसभुशीत वाळू लागली आणि गाडी अडखळली. “अरे, जोर दे!” मी म्हणालों. त्यानें जोर दिला. तेलाच्या गाडीस जोर चढावयास थोडा अवधि लागतो. विजेच्या मोटारीचा पुरा जोर चाक फिरूं लागतांच मिळतो. क्षणार्धांत चारी चाकांनीं आपापल्या विहिरी खणल्या आणि गाडी पोटावर बसली. भरती सुरू झाली होती. पाणी पन्नास पावलांवर होतें. सूनबाई पांच वर्षांच्या नातवाला घेऊन खालीं उतरल्या. चिरंजीवांचा चेहरा पाहून मला पुढें बोलवेना.

इतक्यांत गळ टाकून बसलेले एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांनीं गाडीच्या शक्तीची चौकशी केली नाहीं. “हवा किती आहे?” एवढेंच विचारलें. चौरस इंचास 48 पौंड, हें उत्तर ऐकून ते हंसले. त्यांच्या सांगण्याप्रमाणें आम्हीं पोटाखालची वाळू फावड्यानें उपसली, हवा 20 पौंडांवर आणली, चाकांमागें उतरते चर केले. मग गाडी पुढें न रेटतां, आल्या चाकोरीनेंच, अगदीं हळू मागें घेतली. ती निघाली तेव्हां पाणी वीस पावलांवर आलें होतें.

रात्रीं मीं कागदावर गणित मांडलें. प्रत्येक चाकावर सरासरी 1750 पौंड ओझें. स्थूलमानानें, 48 पौंड दाबास चाक सुमारें 36 चौरस इंच जमिनीवर टेकतें. 20 पौंडांस सुमारें 87. वजन तेंच, पाऊल मात्र जवळजवळ अडीचपट रुंद. उंटाचें पसरट पाऊल वाळूवर तरतें, त्याचें कारण हेंच. राल्फ बॅगनोल्ड नांवाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्यानें 1920 नंतरच्या दशकांत फोर्डच्या हलक्या मोटारी लिबियाच्या वाळवंटांत घातल्या, तेव्हां तोहि टायरांतील हवा कमी करून आणि रुतलेल्या चाकांखालीं पोलादी पट्ट्या घालूनच पार पडला. वाऱ्यानें वाहणाऱ्या वाळूवरील त्याचा 1941 चा ग्रंथ शास्त्रज्ञ आजहि प्रमाण मानतात.

ज्यांचीं मुलें परदेशीं अशा गाड्या बाळगतात, त्यांच्यासाठीं थोडें अधिक. हवा वाळूंत शिरण्यापूर्वींच काढावी. ओलसर वाळू टणक असते, कारण पाण्याचा पातळ पदर तिचे कण एकत्र धरतो. अगदीं कोरडी किंवा पाण्यानें तुडुंब भरलेली वाळू दगा देते. वेग मंद पण एकसारखा ठेवावा, वळण मोठें घ्यावें. विजेच्या गाडींत पाय उचलतांच मोटारच गति रोखूं लागते व चाकांपुढें वाळूचा बांध होतो, म्हणून पाय अलगद उचलावा. वाळूंत वीज फार खर्च होते. बॅटरी पुरेशी भरलेली असावी. परततांना, पक्क्या रस्त्यावर वेग घेण्यापूर्वीं, हवा पुन्हा भरावी, नाहींतर मऊ टायर तापतात. आणि घरीं येतांच खालचें खारें पाणी धुवून काढावें. सर्वांत मुख्य म्हणजे, चाक जागच्या जागीं फिरूं लागलें कीं तत्क्षणीं थांबावें.

परतीच्या वाटेवर चिरंजीव इतकेंच म्हणाले, “नाना, तुम्ही जोर दे म्हणालांत, म्हणून दिला.” त्यांत राग नव्हता, पण मला उत्तर सुचलें नाहीं. पस्तीस वर्षें वर्गांत अडखळलेल्या मुलांना मी हेंच सांगत आलों. त्यांतले कित्येक जोर देऊन अधिक खोल गेले असतील. तूं थांब, आपण थोडी हवा काढूं, असें त्यांना म्हणावयास हवें होतें.

हा धडा मला उशिरां मिळाला. घराघरांत अजून मुलें अडखळतात, आणि मागून ‘जोर दे’ म्हणणारे वडीलहि आहेत. म्हणून तो येथें लिहिला.