भीती : मजा कुठवर, इजा कुठून?

गणपतीला मुले घरी आली की आमच्या दवाखान्यात एक वेगळीच गर्दी होते. मुंबई-पुण्याची, आता तर परदेशातलीही मुले. "आलाच आहे तर जरा तपासून टाका," असे म्हणत आया त्यांना धरून आणतात. असाच एक तिशीचा मुलगा आला. (तपशील थोडे बदलले आहेत.) अमेरिकेत टेक्सासला संगणकाची नोकरी. रक्तदाब ठीक, साखर ठीक, पोट थोडे पुढे. मी कागदावर 'रोज चालणे' लिहितोय तोच आईंनी खरी तक्रार बाहेर काढली.

"डॉक्टर, याला जरा समजवा. तिकडे भुताखेतांच्या सिनेमांची जत्रा भरते म्हणे. तिकीट काढून तीन दिवस जातो हा. लग्नाचं बघायचं सोडून भुतं बघतोय!"

"जत्रा नाही गं आई, संमेलन," मुलगा म्हणाला. "काका, तुम्हीच सांगा, यात वाईट काय आहे?"

मी म्हटले, "काही नाही. जा, मजा कर." आईंचा चेहरा असा झाला की जणू मीच त्याला स्मशानात पाठवत होतो. त्यांना दवाखान्यात नीट उत्तर देता आले नाही, बाहेर रांग होती. ते आज इथे देतो आहे.

तिकडची संमेलने, इकडचे वाडे

भयपटांच्या चाहत्यांची संमेलने अमेरिकेत अनेक ठिकाणी भरतात. डॅलसजवळ २००६ पासून भरणारे 'टेक्सास फ्राइटमेअर वीकेंड' हे त्यातलेच एक. जुन्या भयपटांतले नट-नट्या येतात, चाहते रांगा लावून सह्या घेतात, मुखवटे आणि रंगभूषा करून फिरतात, सिनेमे पाहतात, पोस्टर विकत घेतात. रक्ताळलेल्या चेहऱ्याचा माणूस कॉफीच्या रांगेत शांतपणे उभा असतो. म्हणजे आपले साहित्य संमेलनच. फक्त अध्यक्षांच्या तोंडाला रक्त लावलेले.

आपल्याकडे असे संमेलन भरत नसले तरी चाहते मात्र आहेत. २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली. चित्रीकरण सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या एका वाड्यात होत असे आणि तो वाडा बघायला लोक गाड्या करून येऊ लागले. २०१९ मध्ये दुसरा भाग सुरू होता तेव्हा मे महिन्यात आम्हीही सहकुटुंब तिकडून जात होतो. घरच्या आग्रहाखातर गाडी वळवली. (आग्रह त्यांचा, उत्सुकता माझी.) वाड्यासमोर फोटो काढणाऱ्यांची झुंबड. एक आजी नातवाचा हात धरून विचारत होत्या, "अण्णा खंय हा?" टीव्हीवर ज्या अण्णा नाईकाला बघून याच आजी पदर तोंडावर घेत असतील, त्याच्यासोबत त्यांना फोटो हवा होता. टेक्सासमध्ये जे चालते ते हेच.

आणि आपण कोकणातली माणसे या बाबतीत कुणाला नावे ठेवणार? वीज गेली की ओटीवर बसून मुंजा, हडळ, चकवा आणि खवीस यांच्या गोष्टी ऐकतच आपण मोठे झालो. नंतर माझ्या पिढीला नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी भेटले. २०१८ चा 'तुंबाड' २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला, तर पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. त्या नावाचे गाव तर आपल्याच जिल्ह्यात, खेड तालुक्यात आहे.

घाबरल्यावर शरीरात काय होते?

पडद्यावर दार करकरते. मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग विचार न करता धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. हृदय धडधडते, श्वास वाढतो, तळहात घामेजतात, बाहुल्या मोठ्या होतात, पोटात गोळा येतो. लढा नाही तर पळा, याची ही तयारी. समोर वाघ असो वा टीव्ही, पहिला अर्धा सेकंद शरीराला फरक कळत नाही.

फरक कळतो तो मेंदूच्या पुढच्या, विचार करणाऱ्या भागाला. तो म्हणतो, "अरे, हा सिनेमा आहे. आपण सोफ्यावर आहोत." घंटा थांबते. पण सोडलेले अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात थोडा वेळ असतेच. मग ती धडधड आपल्याला सुटकेच्या आनंदासारखी वाटते. भयपटात किंकाळीनंतर लगेच सगळे हसतात ते यामुळेच.

डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भुताच्या घरात शिरणाऱ्या ११० जणांना हृदयगती मोजणारी यंत्रे लावली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आपल्या आमटीला लागू पडावा असा आहे: तिखट कमी तर मजा नाही, फार झाले तरी मजा नाही. मधोमध सर्वांत जास्त आनंद. कोविडच्या सुरुवातीला केलेल्या एका सर्वेक्षणात भयपटांच्या चाहत्यांनी मानसिक त्रास तुलनेने कमी झाल्याचे सांगितले. अर्थात हे त्यांनी स्वतः सांगितलेले. भयपटांमुळे माणसे कणखर होतात, की मुळात कणखर माणसेच भयपट बघतात, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून मी 'रोज रात्री एक भयपट, जेवणानंतर' असे लिहून देणार नाही.

'रक्त गोठले' असे आपण म्हणतो, तेही नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तपासून पाहिले. २४ निरोगी तरुणांना एक भयपट आणि एक माहितीपट दाखवला. भयपटानंतर रक्त गोठण्याला मदत करणारा 'घटक आठ' वाढला. प्रत्यक्ष गुठळी होण्याची प्रक्रिया मात्र सुरू झाली नाही. तेव्हा निर्धास्त असा.

जपून कुणी राहावे?

हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्यांनी, छातीत दुखत असलेल्यांनी आणि रक्तदाब ताब्यात नसलेल्यांनी असे खेळ टाळावेत. तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू काही काळ दुबळा पडणारा 'ताकोत्सुबो' नावाचा विकार आहे. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचे हे नाव. हृदयाचा आकार तसा दिसतो. पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो. दुर्मीळ आहे, पण आहे. ज्यांच्या फिट्स लखलखत्या दिव्यांनी उसळतात त्यांनी तसे प्रसंग असलेले सिनेमे आणि खेळ टाळावेत. पॅनिकचा त्रास असणाऱ्यांना किंवा आयुष्यात खरेच काही भयंकर भोगलेल्यांना आग्रह करून बसवू नका. आणि सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलांना तर नकोच. त्यांच्या मेंदूतला 'हा सिनेमा आहे' म्हणणारा भाग अजून कच्चा असतो. मोठे हसून झोपतात, मूल मात्र महिनाभर न्हाणीघरात एकटे जात नाही.

जेव्हा खेळ संपत नाही

आता माझा मुख्य मुद्दा. भीतीची मजा एकाच अटीवर असते: बाहेर पडायचे दार आपल्या हातात हवे. रिमोट हातात हवा. टेक्सासच्या मुलाकडे तो आहे, आकेरीच्या आजींकडेही होता. माझी काळजी ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्याबद्दल आहे.

"रात्री छातीवर कुणीतरी येऊन बसतं, ओरडता येत नाही, हात हलत नाही," असे सांगणारे बरेच जण येतात. याला झोपेतला लकवा म्हणता येईल. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंना कुलूप लावतो, म्हणजे स्वप्नातली पळापळ खरी होऊ नये. कधी जाग आधी येते आणि कुलूप नंतर उघडते. तेवढ्यात अर्धे स्वप्न डोळ्यांसमोर चालूच असते. शंभरातल्या सात-आठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे होते. धोका काही नाही. झोप पुरेशी घ्या, कुशीवर झोपा.

पण सगळेच इतके निरुपद्रवी नसते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शब्द अडखळतात. घरचे म्हणतात, "काल तिन्हीसांजेला वडाखालून आला, बाधा झाली." अंगारा-धुपारा होईपर्यंत श्वासाचे स्नायू थकतात. याला औषध एकच: सर्पदंशाची लस आणि लागल्यास श्वासाचे यंत्र.

लाल विंचवाचे तर आणखी विलक्षण. त्याच्या विषाने शरीरात अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. घाम, थंडगार हातपाय, धडधड, शेवटी फुप्फुसात पाणी. म्हणजे भीतीचीच सगळी यंत्रणा, फक्त बंद करायचे बटण नसलेली. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ग्रामीण भागातल्या रुग्णांच्या उशाशी बसून हे ओळखले आणि प्राझोसिन या साध्या गोळीने हा पूर आवरता येतो हे 'लॅन्सेट'मधून जगाला सांगितले. कोकणातली जी मरणे लोक नशिबावर सोडत, ती थांबू लागली.

आपल्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू वा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हाच आहे. ज्यांनी त्या कायद्यासाठी आयुष्य वेचले ते नरेंद्र दाभोलकरही मूळचे डॉक्टर, हा मला योगायोग वाटत नाही.

माझी एक चूक

दवाखाना नवा होता तेव्हाची गोष्ट. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याचे आईवडील घेऊन आले. रात्री अंग ताठ होते, तोंडाला फेस येतो, नंतर तासभर भान नसते. ही फिट, हे उघड होते. वडील दबक्या आवाजात म्हणाले, "मुंज्याचं काहीतरी असेल का, डॉक्टर?" मी तरुण होतो, नवीन पदवी होती. मी हसलो. वर दहा मिनिटे अंधश्रद्धेवर भाषण दिले. त्यांनी मान डोलावली, गोळ्या घेतल्या, आणि परत आलेच नाहीत.

आले ते दोन वर्षांनी. मुलगा पाणी तापवताना फिट येऊन न्हाणीघरातल्या चुलीवर पडला होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. त्या दोन वर्षांत त्यांनी गोळ्या बंद करून काय काय केले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पुढे नियमित गोळ्यांनी फिट्स थांबल्या. बोटे मात्र आखडलेलीच राहिली.

मी अंधश्रद्धेवर जे बोललो ते सगळे बरोबर होते. फक्त हसण्याने मी त्यांच्यासाठी दवाखान्याचे दार लावून घेतले. आज कुणी मुंज्याचे नाव काढले तर मी म्हणतो, "तुमचं तुम्ही जे करायचं ते करा, पण गोळी एक दिवसही चुकवू नका. आणि पुढच्या आठवड्यात मला भेटा." माझे काही विवेकवादी मित्र याला तडजोड म्हणतात. म्हणोत. ती पोरे परत येतात.

'रात्रीस खेळ चाले'वर तेव्हा टीका झाली होती, कोकणची बदनामी होते, अंधश्रद्धा पसरते म्हणून. मला तेवढे वाटत नाही. ज्या आजी अण्णांसोबत फोटो काढतात त्यांना खेळ कळतो. भुताची गोष्ट बंद पाडून भुताची भीती जात नाही. माझे लेखक-दिग्दर्शकांकडे एकच मागणे आहे: भूत कितीही दाखवा, पण फिट आलेला, वातात बडबडणारा किंवा मानसिक आजार असलेला माणूस 'झपाटलेला' म्हणून दाखवू नका. ते बघून कुणाच्या तरी घरी गोळ्या बंद होतात.

तर, आईंसाठी

ताई, तुमच्या मुलाला जाऊ द्या. तिथे तो घाबरेल, हसेल, चार समविचारी मित्र मिळवेल. कुणी सांगावे, लग्नाचेही तिथेच जमेल.

बाकी सर्वांसाठी थोडक्यात. तापात बरळणे, अचानक वागणे बदलणे, अंग ताठ होऊन भान जाणे, सकाळी पापण्या न उघडणे, विंचू चावल्यावर दरदरून घाम सुटणे: यात भीतीची गोष्ट शोधू नका. १०८ ला फोन करा, जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचा. मनाची भीती दिवसाही सुटत नसेल, झोप-जेवण बिघडले असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येते. आणि तुमचा डॉक्टर तुमच्या भुतावर हसला, तर डॉक्टर बदला. गोळ्या बंद करू नका.