वॉर्ड सिस्टरच्या हाती अधिकार द्या

सिकंदराबादचे गांधी रुग्णालय २०२० मध्ये तेलंगणाचे मुख्य कोविड रुग्णालय होते. ऐन साथीत, जुलै महिन्यात, तिथल्या कंत्राटी परिचारिका पगारवाढ आणि कायम नोकरीसाठी संपावर गेल्या. त्याकडे निव्वळ पगाराचा तंटा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. रात्रपाळीची सिस्टर रजिस्टर उघडून कोणाचे सलाईन संपत आले, कोणाचा ऑक्सिजन घसरतोय हे पुढच्या पाळीला समजावून देते, तेव्हा वॉर्डाचे खरे व्यवस्थापन तीच करत असते. पण पाळीवर किती जणी हव्यात, हे ठरवायचा अधिकार तिला क्वचितच असतो. अमेरिकेत लिंडा एकेन यांच्या २००२ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या रुग्णांची पाहणी झाली. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढलेली दिसली.

सिस्टरला हा अधिकार दिला आणि वॉर्डात दोन सत्ताकेंद्रे झाली तर गोंधळ होईल, असा आक्षेप घेतला जातो. पण उपचार डॉक्टरांनी ठरवावेत आणि मनुष्यबळ सिस्टरने, यात गोंधळ कसला? खर्चाचा मुद्दा अधिक खरा आहे; सरकारी तिजोरी अथांग नसते. तरीही दर काही महिन्यांनी नव्या कंत्राटी मुलीला वॉर्ड शिकवण्यात अनुभवी सिस्टरचे जे तास जातात, तेही खर्चातच धरायला हवेत. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने १९४७ चा जुना कायदा बदलला. शिक्षण आणि नोंदणीची घडी त्याने बसेलही, मात्र पाळीचा तक्ता राज्यांच्या आरोग्य खात्यांनाच बदलावा लागेल. तेलंगणाने त्याची सुरुवात गांधी रुग्णालयातून करावी.